गाण्यांच्या मालकांस, एका जुन्या गिऱ्हाइकाकडून

ध्वनिमुद्रिकांचे हक्क बाळगणाऱ्या कंपन्यांचे संचालक, व्यवस्थापक आणि त्यांचे वकील यांस,



गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, मी बालगंधर्वांची एक तबकडी संगणकात उतरवून इंटरनेटवर चढवली. 'स्वयंवर' नाटकातलं पद, जेमतेम सव्वातीन मिनिटांचं. तबकडी माझ्या मामांची. चढवून फराळाला बसलो, चकली मोडली नाही तोच सूचना आली : या व्हिडिओतल्या आवाजावर अमुक कंपनीने हक्क सांगितला आहे, व्हिडिओ राहील, पण त्यावर जाहिराती लागल्या तर उत्पन्न त्या कंपनीला जाईल. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर मला वकील परवडत नाही, आणि दुसरं म्हणजे माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही.

पैशांचं म्हणाल तर त्या व्हिडिओला आजवर २४७ जणांनी पाहिलं आहे, आणि त्यातले वीसेक आमच्याच घरातले. मला बोचला तो 'हक्क' हा शब्द. मी बँकेत नोकरी केली. तारणाची मुदत कधी संपते हे मोजण्यात बत्तीस वर्षं गेली, त्यामुळे हाताला सवय आहे. कागद घेऊन बसलो. पद कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं. ते १९४८ साली गेले. चाल भास्करबुवा बखल्यांची. ते १९२२ साली गेले. भारतात लेखकाचा आणि संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. (आधी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपत होता, म्हणून सरकारने ती दहा वर्षांनी वाढवली. गुरुदेवांच्या पुण्याईने आपल्या तबकड्यांनाही दहा वर्षं फुकट मिळाली.) खाडिलकरांचा हिशेब २००८ च्या शेवटच्या दिवशी मिटला, बुवांचा त्याच्या किती तरी आधी, आणि तबकडी १९३० च्या दशकातली, म्हणजे तिचाही मिटला. तारण सुटलेलं आहे. तरी सावकार दारात उभा.

आपण म्हणाल, आम्ही त्या गाण्याची खरखर काढून नवी आवृत्ती बाजारात आणली आहे आणि यंत्राने तुमचा आवाज तिच्याशी जुळवला. असेल. पण मग आपली ती स्वच्छता, गाणं नव्हे. मी तर खरखरीसकट चढवलं होतं. मी रीतसर हरकत नोंदवली, वरचा सगळा हिशेब सालांसकट लिहिला. महिन्याने उत्तर आलं : हक्क कायम. एका ओळीत. पुढे अपील करता येतं, पण ते फेटाळलं गेलं तर माझ्या खात्यावर ठपका बसतो. मी गप्प बसलो. गप्प बसल्यावर जे सुचलं ते हे पत्र.

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे आपल्या वकिलांचे श्रम वाचतील. मी आयुष्यभर भरून घेतलेलीच गाणी ऐकत आलो आहे. १९८० च्या सुमाराला सांगलीत एक लहानसं दुकान होतं, पुढे पाटी : 'येथे कॅसेट भरून मिळेल.' आत एक गृहस्थ दोन टेपरेकॉर्डर जोडून बसलेले असत. आपण वहीच्या पानावर गाण्यांची यादी न्यायची. ते चष्म्याच्या वरून बघत विचारायचे, "साठ की नव्वद?" नव्वद म्हटलं की मान हलवायचे. नव्वदची फीत पातळ, उन्हाळ्यात अडकते, साठचीच घ्या. आठवड्याने कॅसेट मिळायची, आतल्या कागदावर निळ्या बॉलपेनने गाण्यांची नावं, आणि नावांखाली गायक, गीतकार, संगीतकार. तिन्ही. बाजू संपायला दोन-तीन मिनिटं उरली की ते रिकामी फीत सोडत नसत, स्वतःच्या पसंतीचं काही तरी टाकून देत. अशाच उरलेल्या तीन मिनिटांत मी पहिल्यांदा हिराबाई बडोदेकर ऐकल्या. यादीत मी मागितलं होतं हिंदी सिनेमाचं काही तरी.

कायद्याच्या भाषेत ते गृहस्थ चोर होते आणि मी चोरीचा माल घेणारा. आम्हाला तसं वाटत नव्हतं, हेही खरं. मूळ तबकडी सांगलीत मिळायची नाही. मिळाली तर किंमत ऐकून वडील आधी पगाराचा आणि मग माझा विचार करायचे. दमदमच्या कारखान्यातून, जो १९२८ पासून चालू होता, तबकड्या निघायच्या त्यांवर कुत्रं आणि कर्णा असायचा. आणि पुष्कळ वर्षं भारतात रेकॉर्ड म्हणजे तेच कुत्रं. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ती चपटी कॅसेट इथे घरोघर पोचली, तेव्हा हा कारखाना दमदमहून उठून गल्लीत आला. आपल्यातल्याच काहींनी त्याचा फायदा घेतला की. गुलशन कुमारांच्या टी-सिरीजने कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमातल्या मुभेवर बोट ठेवून जुनी गाणी नव्या आवाजांत स्वस्तात विकली, आणि मोठ्या कंपनीला घाम फुटला. त्याच स्वस्त कॅसेटीवरून प्रल्हाद शिंद्यांचा आवाज एसटी स्टँडच्या टपरीपर्यंत पोचला. मोठ्या कंपन्यांच्या यादीत जे बसत नव्हतं ते सगळं कॅसेटीत बसलं.

पुढे एमपीथ्रीची सीडी आली, एका सीडीत दीडशे गाणी, वेष्टनावर लताबाईंचा फोटो आणि नावात चूक. मग मोबाइलची दुकानं आणि 'कार्ड भरून मिळेल'. तासगावच्या एका दुकानातल्या संगणकावर मी फोल्डरांची नावं वाचली होती, ती अजून पाठ आहेत : लग्न, भीमगीते, डीजे, भजन, आणि एकाचं नाव 'आईची गाणी'. त्या शेवटच्या फोल्डरात सगळी जुनी भावगीतं होती. दहा रुपयांत कार्ड भरून मिळे. ज्याला आपण बाजारपेठेचा अभ्यास म्हणता आणि ज्यावर लाखो रुपये खर्च करता, तो त्या पोराने पाच फोल्डरांत करून ठेवला होता.

या सगळ्या काळात आपण काय करत होता? धाडी घालत होता. तो आपला अधिकारच. पण आपल्या अमेरिकेतल्या भाईबंदांनी काय केलं ते आठवून पाहा. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, २००१ मध्ये न्यायालयाच्या दणक्याने बंद पडलं. मग २००३ पासून तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने थेट ऐकणाऱ्यांवरच खटले भरायला सुरुवात केली. पहिल्याच झपाट्यात बारा वर्षांची एक मुलगी सापडली. तिच्या आईने दोन हजार डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. मिनेसोटातल्या एका बाईला २४ गाण्यांपायी ज्युरीने २००९ मध्ये १९ लाख २० हजार डॉलरचा दंड ठोठावला. वरच्या न्यायालयांत तो शेवटी दोन लाख बावीस हजारांवर आला. चोवीस गाणी, म्हणजे आमच्या साठच्या एका कॅसेटीत बसतील त्याहून थोडी जास्त. २००५ मध्ये सोनी बीएमजीने तर कहर केला. विकत घेतलेली सीडी संगणकात घातली की गुपचूप एक प्रोग्रॅम आत जाऊन लपून बसायचा. त्याचा त्रास कोणाला झाला? ज्याने पैसे मोजून सीडी घेतली त्याला. फुकट्याच्या प्रतीत तो प्रोग्रॅम नव्हताच. चोर पकडायला निघालेले हवालदार गिऱ्हाइकाच्या घरात शिरले.

इथेही फार निराळं झालं नाही. २०१२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशाने गाण्यांची १०४ संकेतस्थळं बंद करायला लावली. अनोळखी चोरांविरुद्ध आपण जे आदेश मिळवता त्यांत प्रतिवादीचं नाव 'अशोक कुमार' लिहिण्याची प्रथा आहे म्हणे. 'किस्मत'मध्ये पाकीटमाराची भूमिका करणाऱ्या त्या भल्या माणसाच्या नशिबी हेही होतं. ६३व्या कलमात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. आणि महाराष्ट्राने तर २००९ मध्ये व्हिडिओ पायरेटांना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीत बसवलं. एकाच स्थानबद्धतेच्या कायद्याच्या नावात ते सगळे आहेत. पुढे त्याच पंगतीत वाळूतस्करही येऊन बसले. गाणी भरून देणारा त्या पानावर किती बसतो हे वकीलच जाणोत. याच देशाच्या याच कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीत वाजवलेलं गाणं मात्र चक्क माफ आहे. ज्याने कोणी ती ओळ घातली त्याला वरातीचा अनुभव असणार.

मग गिऱ्हाईक परत कधी आलं? धाडींनी नाही आलं. २०१७ मध्ये सारेगामाने कारवाँ नावाचा जुन्या रेडिओसारखा दिसणारा एक डबा काढला, आत पाच हजार गाणी भरलेली. किंमत सहा हजारांच्या घरात. त्यातली बहुतेक गाणी इंटरनेटवर फुकट होती, तरी लोकांनी रांगा लावून घेतला. माझ्या बहिणीने आईसाठी घेतला. आईने आयुष्यात कधी पायरसी केली नाही, पण ते सचोटीमुळे नव्हे. तिला ती करता येत नव्हती. तिला फिरवायला एक बटण हवं होतं, ते कोणी तरी दिलं आणि सहा हजार घेतले. तक्रार नाही. सारेगामाचं नाव मी मुद्दाम लिहिलं, कारण कौतुक नाव घेऊनच करावं.

आता थोडं माझ्या बाजूच्या लोकांविषयी. हे पत्र उघडं आहे, तेव्हा तेही वाचतीलच.

आमचं एक श्रोता मंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो, एक जण गाणी निवडून आणतो, बाकीचे ऐकतात आणि मग भांडतात. दोन वर्षांपूर्वीच्या गुढीपाडव्याला आमच्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी सगळ्यांना पेनड्राइव्ह वाटले. चार हजार गाणी, रागवार लावलेली. टाळ्या झाल्या. प्राध्यापकांनी छोटं भाषण केलं : गाणं वाऱ्यासारखं असतं, त्याला कुंपण नसतं, आणि नाही तरी कंपन्या कलाकाराला काय देतात? आमच्यात एक तबलजी आहेत, सत्तरीचे, बोलतात कमी. त्यांनी पेनड्राइव्ह यजमानांच्या संगणकाला लावून यादी खालीपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "सर, यात माझ्या शिष्येची सीडी आहे."

शांतता पसरली. ती सीडी आम्हा सगळ्यांना माहीत होती. पुण्याच्या स्टुडिओत तीन दिवस, उसनवारी करून काढलेली, पाचशे प्रती. किंमत दीडशे रुपये. त्यातली तीन खोकी अजून तिच्या खाटेखाली आहेत. कोणी तरी म्हणालं, अहो, तेवढीच प्रसिद्धी होते तिची. तबलजी म्हणाले, "प्रसिद्धीत तानपुऱ्याची गवसणीसुद्धा शिवून मिळत नाही."

प्राध्यापकांचा चेहरा पडला. बाकीच्यांना कुठे ठाऊक होतं, ती सीडी संगणकात उतरवून मीच प्राध्यापकांना दिली होती ते. हे मी त्या दिवशी बोललो नाही. आज इथे लिहितो आहे.

कंपन्या कलाकाराला देत नाहीत, हे आमच्याकडचं सर्वांत लाडकं वाक्य आहे, आणि ते खोटंही नाही. गायकाला रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाई साठच्या दशकात भांडल्या. रफीसाहेबांचं मत निराळं पडलं, आणि दोघं काही काळ एकत्र गायले नाहीत. सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून घेता येऊ नये, अशी तरतूद व्हायला २०१२ उजाडलं. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले. तोवर किती जण जग सोडून गेले. पण मित्रहो, मालक गड्याला मजुरी देत नाही म्हणून मी त्याच्या मळ्यातला ऊस मोडून खाल्ला, तर त्यात गड्याला काय मिळालं? ऊस तेवढा मी खाल्ला. आणि ज्या मळ्यात मालकच गडी आहे, त्या पोरीच्या सीडीसारख्या मळ्यात, तर आपण काही बोलूच नये. मी तिच्या पाच प्रती घेतल्या. चार अजून कपाटात आहेत, द्यायला माणसं शोधतो आहे. घरी सीडी वाजवायचं यंत्रच कोणाकडे उरलेलं नाही.

एवढं मान्य करून परत आपल्याकडे वळतो, कारण आपलं देणं मोठं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. गावभागात आमचे एक स्नेही राहतात, तळमजल्यावर. सहाशेच्या आसपास तबकड्या, दोन भिंती भरून कॅसेटी. पाणी उतरल्यावर आम्ही चार जण गेलो. गाळ घोट्यापर्यंत. लाखेच्या तबकड्या बऱ्याच शाबूत निघाल्या, त्यांना पाणी तितकं मारत नाही. पण मधली कागदाची चकती सुटून आली होती. बादलीत तबकड्या एकीकडे आणि चकत्या एकीकडे तरंगताहेत. त्या चकतीवरच सगळं असतं : गायक, राग, नाटक, क्रमांक. काळ्या थाळ्या हातात घेऊन आम्ही ओळखायला बसलो, हे मास्तर कृष्णराव की हे कोणी दुसरे. कॅसेटींत गाळ शिरला होता. गच्चीवर चटया टाकून त्या वाळत घातल्या. त्यातली एकही नंतर वाजली नाही.

वाचलं ते काय? त्यांनी वर्षानुवर्षं ज्यांना ज्यांना भरून दिलं होतं, त्यांच्याकडे ते होतं. मिरज, इचलकरंजी, पुणे, एक तर सिंगापूरला. सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त संग्रह परत आला, प्रतींच्या रूपाने. आपल्या दृष्टीने त्या सगळ्या बेकायदा प्रती.

हे फक्त आमच्या गावभागात घडत नाही. २००८ मध्ये हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या गोदामाला आग लागली, त्यात मूळ ध्वनिफिती जळाल्या, आणि ते जगाला नीट कळलं २०१९ मध्ये, एका वृत्तपत्राने छापल्यावर. किती जळालं यावर अजून वाद आहे. कंपनी अकरा वर्षं गप्प होती याबद्दल नाही. म्हणून विचारतो, आपल्याकडे मराठीतल्या किती तबकड्यांचे मूळ साचे किंवा फिती आहेत? कोणत्या अवस्थेत आहेत? ओडियन, यंग इंडिया आणि बंद पडलेल्या इतर कंपन्यांच्या मालाचं काय झालं? मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. तिथल्या माणसांनी नोकऱ्या सांभाळून, स्वतःच्या खिशातून, तबकड्यांच्या याद्या केल्या, अंक काढले. जे काम मालकाचं ते छंदिष्टांनी केलं. आणि अमेरिकेत अशाच जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या जतन करून ऐकवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी खटला भरला. दोन वर्षांनी तो आपसात मिटला, पण वचक बसायचा तो बसलाच.

आता तबकडीची गोष्ट पुरी करतो.

माझ्या मामांच्या त्या तबकडीला तडा आहे. कडेपासून आत, बोटभर. तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते, म्हणजे पाऊण सेकंदाला एकदा सुई त्या तड्यावरून जाते आणि टक् होतं. पहिली चाळीस सेकंदं टक्, टक्, टक्, मग सुई तडा संपवून आत जाते आणि आवाज स्वच्छ होतो. लहानपणी मला वाटायचं, तो गाण्यातला ठेकाच आहे. मामा टाळी देत बसायचे.

हरकत फेटाळली गेल्यावर एके रात्री मी कंपनीने स्वतः चढवलेलं तेच पद ऐकलं. हेडफोन लावून. खरखर पुष्कळ काढलेली, आवाज थोडा बंद डब्यातून आल्यासारखा. आणि त्याखाली, अगदी पुसट, टक्. मी सुरुवातीपासून परत लावलं. मोजलं. पाऊण सेकंदाला एक, आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला बंद. माझ्या प्रतीतही एक्केचाळीसच.

तडा गेलेली दुसरी तबकडी जगात नसेलच असं मी म्हणत नाही. पण तितकाच लांब, त्याच जागी? २००४ मध्ये मी या तबकडीची पहिली प्रत कॅसेटवर उतरवून एका संग्राहक मित्राला दिली होती. त्याने सीडी केली. सीडी कोणाकोणाकडे गेली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. फिरत फिरत ती आपल्यापैकी एकीच्या कचेरीत पोचली असावी, असा माझा अंदाज आहे; तिथे ती धुतली गेली, तिच्यावर शिक्का बसला, आणि दिवाळी पाडव्याच्या दिवशी तो शिक्का माझ्याच दारात हक्क सांगायला आला. खरं सांगू? मला राग आला नाही. मी हसलो. मामा असते तर त्यांनी टाळी दिली असती. गाणं वाचलं, हे मोठं. ते कोणी वाचवलं, हे विसरू नये, इतकंच.

तेव्हा मागणं असं. ज्याची मुदत सरली आहे त्यावर यंत्राने हक्क सांगणं थांबवा. हे अवघड नाही. तबकडीचं साल आणि दोन मृत्युतारखा एवढंच बघायचं असतं, आमच्या बँकेतला शिपाईसुद्धा करेल. हरकत आली तर ती माणसाने वाचावी. ज्याची मुदत सरलेली नाही त्याच्यावर माझा काही दावा नाही. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क २०३७ पर्यंत आहे. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींचा २०६२ पर्यंत. तो मोडा असं कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. पण मग ती गाणी मिळू द्या. आपल्या मालकीचं पण आपण विकत नाही, ऐकवत नाही, कोणाला काढूही देत नाही, असं किती आहे याची एक यादी करा आणि ती लोकांपुढे ठेवा. नुसती यादी. गाणी नंतर. कोणती तबकडी आपल्याकडे नाही हे कळलं, तर निम्मी यादी तर आमच्यासारखेच भरून देतील. 'भरून' हा शब्द जरा निराळ्या अर्थाने वापरला.

आणि नावं. मी महिन्याला पैसे भरून गाण्यांचं एक ॲप वापरतो, निवृत्तीनंतर सरळमार्गी झालो आहे. त्यात भावगीत लावलं की गायकाचं नाव येतं, कंपनीचं येतं, हक्काचं साल येतं. कवीचं नाव बऱ्याचदा नसतंच, आणि असलं तर दुसऱ्याचं असतं. एका प्रसिद्ध कवीच्या गाण्यापुढे मी 'पारंपरिक' असं वाचलं. ते कवी मी सांगलीच्या साहित्य संमेलनात डोळ्यांनी पाहिलेले. ज्यांच्या नावाने आपण हक्क मागता त्यांचं नाव तरी लिहा. साठच्या कॅसेटीत, निळ्या बॉलपेनने, तो चोर तीन नावं लिहायचा.

शेवटचं. तबकडी अजून माझ्याकडे आहे. तडा वाढलेला नाही. पुसट टक्टक् काढायला यंत्रं वापरण्यापेक्षा आपला एखादा जाणता माणूस चांगली सुई घेऊन सांगलीला पाठवा. मूळ तबकडीवरून नीट उतरवून घ्या. एक दिवसाचं काम आहे, जेवण आमच्याकडे. पैसे नकोत, हक्कही नको, तो नाहीच आहे. फक्त खाली लिहा : पद खाडिलकरांचं, चाल भास्करबुवांची, गायन बालगंधर्वांचं. आणि जमलं तर चौथी ओळ : तबकडी सांगलीच्या एका मामांची.

कळावे, लोभ असावा.

आपलं जुनं गिऱ्हाईक,
सांगली